चंद्रकोरीची भाकरी

एक गाव होतं आणि त्या गावाला भाकरीचं भारी वेड होतं. दरवर्षी माघात देवळात सात दिवसांचा सप्ताह बसायचा. पहाटे काकडा, दुपारी पोथी, मग कीर्तन आणि दिवेलागणीला देवळाच्या अंगणात अख्ख्या गावाची पंगत. आमटी देवळाच्या चुलाणावर शिजायची. भाकरी मात्र घराघरांतून यायच्या. कुणी दहा आणायचं, कुणी दोन. देवळाच्या पायरीशी बांबूचा एक मोठा हारा ठेवलेला असायचा. आणलेल्या भाकरी त्यात टाकायच्या आणि हात जोडून पुढं व्हायचं.

हाऱ्यापाशी नाना बसायचे. नाना म्हणजे सप्ताहाचे कारभारी. भाकरी पडल्या रे पडल्या की ते खालच्या वर आणि वरच्या खाली करून टाकायचे. कुठली कुणाच्या घरची, ते कुणाला कळता कामा नये, अशी रीतच होती. वाढपी येईल, वरची उचलेल, ज्याच्या ताटात जी पडेल ती त्याची. एखाद्याला कागदासारखी पातळ मिळायची, एखाद्याला बोटभर जाडीची. जाड मिळाली की लोक म्हणायचे, "आज आपल्याला भक्कम प्रसाद मिळाला बुवा!" आणि हसत हसत आमटीत चुरून मोकळे व्हायचे.

आणखी एक रीत होती. सातव्या दिवशी गावातल्या प्रत्येक चुलीची, म्हणजे प्रत्येक घराची, भाकरी आल्याशिवाय पंगत बसत नसे. नाना एकेक चूल मोजून घ्यायचे आणि एक जरी राहिली तरी सगळं गाव थांबायचं.

याच गावात हौसाक्का राहायची. आता हौसाक्काच्या भाकरीचं काय सांगावं! काठवटीत पीठ मळायला बसली की बघत राहावं. थापताना भाकरी नुसती गरगर फिरायची, तव्यावर टाकली की टम्म फुगायची आणि पापुद्रा सुटायचा तो असा की फुंकर मारली तर उडेल. सप्ताहात रोज अकरा भाकरी तिच्या घरून जायच्या. बाई मनानं चांगली, देवभोळी, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी. पण माणूसच की ती!

त्या वर्षी पहिल्याच दिवशी परगावाहून आलेले कीर्तनकार बुवा जेवायला बसले आणि एक घास घेऊन थांबले. "वा! नाना, ही भाकरी कुणी केली हो?"

"देवाची भाकरी आहे, बुवा," नाना म्हणाले.

"ते खरं. पण थापली कुणी?"

"हाऱ्यात पडली की थापणारीचं नाव राहत नाही आमच्यात."

बायकांच्या पंगतीत बसलेल्या हौसाक्कानं ते ऐकलं. भाकरी तिचीच होती, तिनं लांबूनच ओळखली होती. अंगावर मूठभर मांस चढलं खरं, पण लगेच जीव चुटपुटलाही. ओठावर आलेलं 'माझी!' तिनं आमटीच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. ते काही पचलं नाही.

घरी जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढं नावाजलं बुवांनी, पण माझं म्हणून कुणाला कळलं का?"

नवरा केरबा साधा माणूस. "देवाला कळलं असंल की," म्हणाला.

"देवाला कळून काय उपयोग?" असं ती बोलून गेली आणि पटकन जीभ चावली. पण मनातलं ते काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं अंगठ्याच्या नखानं काठाशी एक बारीकशी चंद्रकोर उठवली. अकराच्या अकरा भाकरींवर. मग शेजारणीच्या कानात सांगितलं, "चंद्रकोर दिसली की समज माझी. कुणाला सांगू नको हं!" शेजारणीनं कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फक्त विहिरीवर सांगितलं. दुपारपर्यंत गावभर झालं.

त्या संध्याकाळी पंगतीत एकदम नवीनच बोलणं सुरू झालं. "ए वाढप्या, ही नको, चंद्रकोरीची बघ!" तालमीचे वस्ताद तर वाढप्याचा हातच धरून बसले. हौसाक्का मान खाली घालून जेवत होती, पण कान सगळे पंगतीत. काय तो आनंद! त्या दिवशीचं कीर्तन कशावर झालं हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पण खूण काय एकट्या हौसाक्कालाच करता येते? तिसऱ्या दिवशी एकीनं काडीनं फुली मारली. दुसरीनं बांगडीचा काठ दाबला. तिसरीनं पाच ठिपके दिले. चौथ्या दिवशी नवरे आपापल्या बायकोची खूण शोधायला लागले, सासवा सुनांची भाकरी टाळायला लागल्या आणि वाढपी बिचारे हाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून उलथापालथ करू लागले. पाचव्या दिवशी पंगतीत दोघी जावांचं कडाक्याचं वाजलं. नाना नुसते हाऱ्याकडे बघत बसले.

सहाव्या दिवशी पंगत उठल्यावर हौसाक्का देवळाचं अंगण झाडायला थांबली. बघते तर नाना हाऱ्यात हात घालून तळातून भाकरी काढत होते. जाडजूड, काठाला चिरलेल्या, वाळून कडक झालेल्या. मिरचीच्या ठेच्याबरोबर ते शांतपणे एकेक तुकडा चावत होते.

"नाना, हे काय? शिळं कशाला खाताय?"

"कालच्या आहेत. ठकूबाईच्या. तीनच आणते बिचारी. परवा उरल्या, कालही उरल्या. देवाच्या हाऱ्यात पडलेलं टाकायचं कसं?"

"आणि आजच्या?"

"आज ती आलीच नाही," नाना म्हणाले. "उद्या सातवा दिवस, हौसा. तिची चूल राहिली तर पंगत बसणार नाही. माझ्या जन्मात असं झालेलं नाही."

ते रागावले असते तर हौसाक्काला बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत, पुढचा तुकडा मोडून चावत राहिले. हौसाक्काच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबला. ठकूबाई म्हणजे वेशीजवळच्या खोपटात एकटीच राहणारी म्हातारी. हाताचे सांधे आखडलेले, बोटं वाकडी झालेली. तिच्या भाकरीवर खूण नसायचीच. ती जाड आणि चिरलेली, एवढीच काय ती ओळख. इतकी वर्षं तीच भाकरी गावानं हसत खाल्ली होती. या वर्षी ती सगळ्यांनाच नकोशी झाली आणि ती कुणामुळे, हे हौसाक्काला सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातव्या दिवशी सकाळीच ती पिठाची पाटी डोक्यावर घेऊन ठकूबाईच्या खोपटात शिरली. चूल थंड होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी, उठ. भाकरी थापायच्यात ना?"

"नको गं बाई," ठकूबाई म्हणाली. "माझी भाकरी खाली उरती. देवाला नको झाली असंल. त्याच्यावर कशाला लादायची?"

"देवाला नाही मावशी, आम्हाला नको झाली. आणि पहिली खूण मी केली. मला मोठेपणा हवा होता." हे बोलताना हौसाक्काच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "तू हो म्हटल्याशिवाय मी इथून हलायची नाही. माझ्या भाकरीही इथंच तुझ्या चुलीवर करते."

ठकूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हातारीला हसू फुटलं. "आधी डोळे पूस. पिठात पडलं तर भाकरी खारट होईल की!"

मग चूल पेटली. दोघी समोरासमोर बसल्या. हौसाक्का आपल्या भाकरी भराभर थापत होती आणि ठकूबाई तिच्या वाकड्या बोटांनी एकेक थाप देत होती. प्रत्येक थापेला तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. हौसाक्कानं कान दिला. म्हातारी म्हणत होती, "खाणारा सुखी राहो. खाणारा सुखी राहो."

"कोण खाणार ते ठाऊक नाही, मग कुणासाठी म्हणतेस गं?"

"ठाऊक नाही म्हणून तर असं म्हणते. ठाऊक असतं तर नाव नसतं का घेतलं?"

आपण इतकी वर्षं थापताना काय म्हणत होतो, ते हौसाक्कानं आठवून बघितलं. कुणाच्या पोटाचा विचार तिच्या मनात आला नव्हता. लोक काय म्हणतील, तेवढंच तिथं होतं. तिनं पुढची भाकरी थापताना हळूच म्हणून बघितलं, "खाणारा सुखी राहो." पहिल्यांदा लाज वाटली. तिसऱ्या भाकरीला बरं वाटलं. सातव्या भाकरीला ती ठकूबाईच्या तालावर डोलायला लागली आणि दोघी मिळून अशा काही हसल्या की रस्त्यानं जाणारी माणसं खोपटात डोकावून गेली.

अकरा झाल्या. हौसाक्कानं एकीवरही खूण केली नाही. मग ठकूबाईच्या तीन भाकरी तव्यावर जायच्या आधी तिनं अंगठा पुढं केला आणि प्रत्येकीच्या काठाशी चंद्रकोर उठवली.

"अगं, हे काय करतीस? नाव खराब होईल तुझं!"

"होऊ दे," हौसाक्का म्हणाली.

म्हणाली खरी. पण देवळाच्या वाटेवर ती दोनदा थांबली. एवढं गावभर झालेलं नाव, आज भरपंगतीत हसं होणार! अजून वेळ आहे, त्या तीन भाकरी सरळ तळाशी सारता येतील, असंही मनात येऊन गेलं. हाऱ्यापाशी पोचली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि सगळ्या एकदमच ओतल्या. नानांनी वर-खाली केल्या. गावातली शेवटची चूल आली होती. पंगत बसली.

बसताक्षणी वस्तादांची हाक आलीच. "वाढप्या, आज शेवटचा दिवस! चंद्रकोर!" वाढप्यानं शोधून शोधून एक काढली आणि त्यांच्या ताटात टाकली. ताटात धप्पकन आवाज झाला. वस्तादांनी भाकरी मोडायला घेतली. पैलवान माणूस, पण त्यांनाही दोन्ही हात लावावे लागले. त्यांनी भाकरी उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"हौसाक्का! अगं ही काय भाकरी का कौल? छपरावर घालू का?"

पंगतीत हशा पिकला. ठकूबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. हौसाक्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक शब्द पुरे होता. 'माझी नाही ती, ठकूमावशीची' एवढं म्हटलं की सुटली. बायका तिच्याकडं बघत होत्या. केरबा घास हातात धरून बसला होता.

हौसाक्का उभी राहिली. "चंद्रकोर आहे ना तिच्यावर? मग माझीच आहे. खा की मुकाट्यानं!"

आणि तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी उठलं. इतक्या वर्षांत पंगतीत एक शब्द न बोललेली ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"खोटं बोलतीय ती! भाकरी माझी आहे. हिनं नुसती नखं लावलीत. आणि वस्ताद, दातांना झेपत नसंल तर इकडं दे, मला भूक लागलीय!"

मग सगळ्यांत आधी वस्तादच खो खो हसले. भाकरी छातीशी धरून म्हणाले, "देतोय व्हय! झेपत नाही म्हणजे काय?" त्यांनी ती आमटीत चुरली, भुरका मारला, आणि ताट पुसून झाल्यावर म्हणाले, "मावशी, अजून आहे का एखादी?"

"तीनच केल्या होत्या रे बाबा!"

मग काय विचारता! "दुसरी कुणाकडं गेली?" "माझ्याकडं, पण मी देणार नाही!" "अन् ही बिनखुणेची लुसलुशीत कुणाची?" जो तो दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायला लागला. फुलीवालीनं सांगून टाकलं की ती फुली तिनं स्वतःच्या नाही, जावेला चिडवायला जावेच्या भाकरीवर मारली होती. भांडलेल्या दोघी जावा एकमेकींच्या अंगावर रेलून हसत होत्या. हौसाक्का हसता हसता रडत होती. बिनखुणेची कुणाची, हे तिला कुणीतरी दोनदा विचारलं, पण तिला ते सांगायचं सुचलंच नाही. हाऱ्यात त्या दिवशी एक तुकडाही उरला नाही.

पुढच्या वर्षी खूण करायची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. ठकूबाईच्या खोपटात मात्र सकाळपासून बायकांची ही दाटी. एक मळायची, दुसरी थापायची, तिसरी भाजायची आणि सगळ्या मिळून खाणाऱ्याला सुखी राहा म्हणायच्या. संध्याकाळी भाकरींचे ढीगच्या ढीग एकाच चुलीवरून आलेले बघून नानांनी कपाळाला हात लावला.

"अगं बायांनो, आता मी चुली मोजू कशा?"

"चुली कशाला मोजता नाना," ठकूबाई म्हणाली, "पोटं मोजा!"

तात्पर्य: देवाच्या नावानं जे दिलं त्यावर आपलं नाव राहू देऊ नये, देताना घेणाऱ्याचं भलं मनात आलं की रोजची भाकरीही भक्ती होते, आणि गाव एका ताटात जेवू लागतं.