राणीच्या हातमोज्यांतली फुंकर

डोंगरापल्याडच्या एका राज्यात इतकी थंडी पडायची, की कोंबडासुद्धा आरवायला कां-कू करायचा. तिथली गिरजाबाई राणी इंदुमतीचे हातमोजे शिवायची. मऊ, पांढऱ्याशुभ्र कातड्याचे, चंदेरी टाक्यांचे! शिवून झाले, की ती प्रत्येक बोटात फुंकर घालायची. बोट टुम्मकन फुगलं, की शिवण पक्की. तिला स्वतःला मात्र कधी हातमोजे मिळाले नाहीत. यंदा थंडीने तिची बोटं अशी आखडली, की सुईच काय, पेजेची वाटीही धरता येईना. तिची चिमुकली लेक शेवंता तिला पेज भरवायची. फार वाईट वाटायचं शेवंताला.

एका सकाळी शेवंता बागेत गेली. गुलाबाच्या पाकळीवर जाईच्या कळीएवढी परी कुडकुडत बसली होती. मोरपंखी पंख, सोनेरी परकर आणि इवलेसे हात थंडीने निळे पडलेले.

"अगंबाई! थांब हं," शेवंता म्हणाली आणि तिने चिंधीतून तिळाएवढ्या बोटांचे लालचुटुक हातमोजे शिवले.

परी खुदकन हसली. "आता तुला एक इच्छा. हातमोज्यांत फुंकर घाल. तेव्हा मनात जे असेल, ते हातमोजे घालणाऱ्या हातांना मिळेल. पण एकदाच! चूक झालीच, तर एक टाका उसव. इच्छा तुझ्याकडे परत येईल, मात्र त्या हातांना मिळालेलं जाईल."

शेवंता उड्या मारतच घरी आली. आईसाठी हातमोजे शिवायचे! पण आधी राणीचे पुरे करायला हवे होते. आई शेजारी बसून सांगत होती, "डाव्याच्या बोटांत कापूस भर, बाळा. का, ते विचारू नकोस."

शिवून झाले. कापूस भरण्याआधी शेवंताने आईच्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. 'मोकळी होऊ देत गं ही,' असं मनात म्हणत तिने, आईचं पाहून लागलेल्या सवयीने, हातमोज्यांत फुंकर घातली. काय केलं, ते वेडीच्या लक्षातही आलं नाही.

दोघी राजवाड्यात गेल्या. राणीने हातमोजे घातले आणि टुप् टुप् टुप्! डाव्याच्या बोटांतून कापूस उडाला. राणीची डावी मूठ जन्मापासून मिटलेली होती. ते कुणाला कळू नये म्हणून मोज्याच्या रिकाम्या बोटांत कापूस भरायचा, आणि हे फक्त गिरजाबाईला ठाऊक होतं. आज ती मूठ उघडली! राणीने त्या हाताने आपल्या तान्ह्या बाळाचा गाल कुरवाळला. बाळाने तिचं बोट घट्ट धरलं.

'अगं आई गं! ही तर आईसाठीची फुंकर!' शेवंताच्या आत्ता लक्षात आलं.

"एकच टाका," परी तिच्या कानाशी कुजबुजली.

शेवंताने कमरेची कात्री काढली. मग बाळाच्या मुठीतलं ते बोट पाहिलं. कात्री तिने परत खोचली आणि तिला रडूच कोसळलं.

"का गं रडतेस, बाळ?" राणीने विचारलं. शेवंताने सगळं सांगून टाकलं. राणीने लगेच हातमोजे काढायला घेतले.

"राणीसाहेब, नको! मूठ पुन्हा मिटली तर?" गिरजाबाई घाबरून म्हणाली.

"मिटली तर मिटली. बारा वर्षं तुम्ही माझं गुपित पोटात ठेवलंत, गिरजाबाई. हात पुढे करा बरं."

राणीने स्वतः तिला हातमोजे घातले. एक बोट हललं, दुसरं हललं, दहाही बोटं सरळ झाली! आणि राणीची मूठ? ती उघडीच राहिली.

"दुसऱ्याला दिलेली इच्छा वाढतच जाते," परी म्हणाली. लालचुटुक हात हलवत ती सोनेरी, गुलाबी उजेडात चमचमत नाहीशी झाली.

गिरजाबाईने हातमोजे काढले आणि सवयीने एका बोटात फुंकर घातली. टुम्मकन फुगलं!

"शिवण पक्की आहे हो, शेवंता," ती म्हणाली आणि मोकळ्या बोटांनी तिने लेकीचे डोळे पुसले.