गारठलेले पाय

ज्या काळी तळी झोपेत बोलत असत, त्या काळी दूर उत्तरेकडच्या एका तळ्यावर रानहंस राहत. काही खडकाकडचे, काही लव्हाळ्याकडचे. काही ठरवायचे असले की थव्यातला म्हातारा हंस प्रश्न विचारी. होकार असेल तर चोच दक्षिणेला वळवायची, नकार असेल तर उत्तरेला. पण अलीकडे प्रश्न कुणी ऐकतच नसे. खडकाकडचे जिकडे वळत, त्याच्या नेमके उलट लव्हाळ्याकडचे वळत.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने विचारले, "तळे गोठू लागलेय. उद्या निघायचे का?"

खडकाकडच्या चोची दक्षिणेला वळल्या. लगेच लव्हाळ्याकडच्या उत्तरेला.

लव्हाळ्यातल्या काजरी हंसिणीची मान मात्र अर्ध्यातच थांबली. तिच्या पंखाखाली उशिरा जन्मलेले पिल्लू कुडकुडत होते. सगळा थवा एकमेकांना वारा अडवत उडाला, तरच असली पिल्ले डोंगरापलीकडे पोचत.

तिने चोच दक्षिणेला वळवली.

"काय गं, त्यांच्यात गेलीस?" शेजारीण फिसकारली. "खडकावर घरटे मिळाले वाटते!"

"घरटे तुझ्याच शेजारी आहे, बाई. पण माझे पाय गारठलेत. तुझे नाही?"

शेजारणीने एक पाय पाण्यातून उचलून पोटाशी धरला आणि मान दक्षिणेला फिरवली. "त्यांच्यासाठी नाही हं वळले," ती पुटपुटली. मग धुक्यात एकेक मान फिरत गेली.

सकाळी तळ्यावर बर्फाची काच पसरली होती. तिच्यात दक्षिणेला उडणाऱ्या थव्याच्या दोन लांब रांगांची प्रतिबिंबे तरंगत गेली, मध्ये एक इवलासा ठिपका. कुठली रांग कुणाची, ते तळ्याला ओळखता आले नाही.