सफूराबीचं पेव

सावळी गावात जुन्या मशिदीच्या मागे जमिनीला एक तोंड आहे. एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच. वाकून पाहिलं तर अंधार दिसतो आणि मातीचा गार वास येतो. हे पेव, म्हणजे धान्य साठवायला जमिनीच्या पोटात खणलेली कोठी; तोंड अरुंद, पोट मोठं. गावात अशी पेवं पुष्कळ होती, ती सगळी बुजली. हे एकच राहिलं, पण यात कोणी दाणा ठेवत नाही आणि याच्यावर झाकणही घालत नाही. आतल्या भिंतीवर समोरासमोर दोन जागी हातांनी घासून पडलेले खळगे आहेत. पाहायला येणाऱ्यांना गावातल्या बायका आधी ते दाखवतात आणि मग गोष्ट सांगतात. पुरुषांना विचारलं तर ते थोडक्यात आटपतात. गोष्टीत त्यांच्या खापरपणज्यांची फारशी शोभा नाही.

घोडेस्वारांच्या टोळ्या सुगी साधून गावं लुटायच्या, त्या काळातली ही हकिकत. सावळीत दावलभाई म्हणून मोठे जाणते गृहस्थ होते, असं सांगतात. पेव कुठे खणायचं, कधी उघडायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. सफूरा त्यांची सून. तिचा नवरा गाड्या घेऊन दूरच्या बाजारपेठेला गेला होता, आणि मागे तिचं तान्हं पोर, इसाक, तापानं गेलं.

मय्यत उठली तेव्हा सफूराच्या घशातून आवाज फुटणार, तोच दावलभाई म्हणाले, "सबर कर." अल्लाहचं नाव घेऊन धीर धर, असं जमलेल्या बायकाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिनं डोळ्यांना पदर लावला, तर पुन्हा, "सबर कर, पोरी." दूध दाटून छाती ठणकत होती, तरी सबरच. तो शब्द त्या घरात झाकणासारखा वापरत. काही उतू जातंय असं दिसलं की ठेवलाच वर. इसाकचं नावदेखील कोणी घेईना. सफूरानं रडणं सोडलं आणि त्याबरोबर नमाजही सोडली, म्हणे. ज्याचं नाव सांगून आपल्याला गप्प करतात, त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं तिला वाटे. श्वास छातीच्या मध्यावर येऊन अडायचा. पेवात बंद होण्याच्या कितीतरी आधी ती बंद झालेली होती.

मग एका सकाळी ओढ्यापलीकडे धूळ उठली. दावलभाईंनी बायकामुलांना पेवांत उतरवलं. सफूराच्या वाट्याला मशिदीमागचं, अर्धं ज्वारीनं भरलेलं पेव आलं. सोबतीला सासू, खातूनबी. बरोबर पाण्याची घागर आणि फडक्यात भाकऱ्या. तोंडावर दगड ठेवला, हवेसाठी बोटभर फट राखली, आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. कोण कुठल्या पेवात आहे हे दावलभाईंनी कोणाला सांगितलं नाही, कुठे खूणही केली नाही. चार तोंडांना कळलं की फुटतं, असं त्यांचं शहाणपण.

"सबर करा," वरून त्यांचा आवाज आला. मग त्यांची पावलं दूर झाली. पुरुष डोंगराकडे गेले.

थोड्या वेळानं घोडेस्वार आले. टापा डोक्यावरच वाजत होत्या. घोड्यांनी कडबा खाल्ला, जमीन तुडवली, आणि फटीत माती लोटली गेली. उजेडाची बारीक रेघ होती, तीही गेली. दोघी ज्वारीच्या ढिगावर एकमेकींचे हात धरून बसल्या. पुढे केव्हातरी टापा थांबल्या आणि सगळं शांत झालं. कोणी आलं नाही. भाकऱ्या संपल्या. तरी कोणी आलं नाही.

सफूरा ढिगावर चढली आणि दगडावर मुठी आपटू लागली. "काढा! कोणी आहे का? काढा!" नखं फुटली. वरची माती डोळ्यांत पडली.

"अगं गप बस," खातूनबी खालून म्हणाल्या. "होती नव्हती ती हवा ओरडून संपवशील."

"गप्पच बसले होते, अम्मा. गप्प बसूनच इथवर आले."

घागरीत तळाशी थोडं पाणी होतं, ते पिण्याचं. वुजूला, म्हणजे नमाजेआधी हाततोंड धुवायला, पाणी नसलं की पाक मातीवर हात मारून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, त्याला तयम्मुम म्हणतात. म्हातारीनं भिंतीच्या मातीवर हात मारले. "चल, तूही कर. नमाजेची वेळ झाली असेल."

"कुठली वेळ? दिवस आहे का रात्र, एवढं तरी सांगा."

"असेल ती असेल. ज्याला कळायचं त्याला कळतंय." आणि चाचपडत त्या एका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सफूराला नमाज पढायची नव्हती. पण म्हातारी किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा चुकली आहे, हे तिला सोसवेना. "तिकडे नाही, अम्मा. किब्ला इकडे. उतरताना मशीद माझ्या डाव्या हाताला होती."

"उतरताना डोळे मिटले होतेस तू."

"आणि तुमचे उघडे होते? तुम्ही तर माझी वेणी धरून उतरलात!"

"तुझ्याआधी हे पेव पाहिलंय मी. माझाच किब्ला खरा."

"खरा असेल तर पढा. मी माझ्या बाजूला पढते, मग बघू."

अंधारात दिशा कळेना, तर ज्याला मनापासून जी वाटेल तिकडे त्यानं उभं राहावं, असा दीनचा, म्हणजे धर्माचा, दाखला आहे. गोल पेवात तर कोपराही नसतो. सफूरानं समोरच्या भिंतीवर हात मारले, तोंडावरून फिरवले, आणि सासूकडे पाठ करून उभी राहिली. इसाक गेल्यापासूनची तिची ही पहिली नमाज. भांडणाच्या तोऱ्यात उभी राहिली, असं गावातल्या बायका हसत सांगतात.

सजद्यात कपाळ मातीला टेकलं आणि ती तिथेच थांबली. मागायला काही सुचेना. तोंडातून एकच शब्द आला. "इसाक."

मागे खातूनबींचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, "माझ्या कानातली बाळी ओढायचा तो. कान लाल करून सोडायचा."

सफूरा उठून बसली. "आता म्हणा ना. सबर कर म्हणा."

"याकूब पैगंबरांचं पोर विहिरीत टाकलं होतं," म्हातारी अंधारातून बोलू लागली. "पोरासाठी रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. आणि सबर कोणाची सांगतात, पोरी? त्यांचीच. गाऱ्हाणं लोकांपुढं नेलं नाही त्यांनी, अल्लाहपुढं नेलं. पण नेलं. गिळून नाही टाकलं."

"हे ठाऊक होतं, मग मला का नाही रडू दिलंत?"

"मला कोणी दिलं?" खातूनबी म्हणाल्या. "माझी तर तीन गेली, सफूरा."

त्या घरात इतकी वर्षं राहून सफूराला ते माहीत नव्हतं. ती चाचपडत म्हातारीपाशी गेली. मग दोघी रडल्या. आधी एकमेकींच्या गळ्यात, आणि मग आपापल्या भिंतीकडे वळून, सजद्यात. सफूरानं सगळं सांगितलं, म्हणे: ठणकणारी छाती, रिकामी झोळी, आणि तुझ्यावरच रुसून बसले होते, हेही. दगड हलला नाही. हवा कमीच होत होती. इसाक गेला होता तो गेलाच होता. पण बोलणं कुठेतरी पोचतंय, एवढं तिला कळलं. श्वास पोटापर्यंत उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत एवढी जागा झाली, की तिथे दुःखाला बसता यावं आणि तिलाही.

वर गाव परतलं होतं. बाकीची पेवं सापडली, माणसं निघाली. हे एक सापडेना, कारण कडबा गेला होता, जमीन एकसारखी तुडवली गेली होती आणि दावलभाईंनी अगदी ठामपणे चुकीची जागा दाखवली. लोक खणत राहिले. जागा चुकली असेल असं म्हणायची कोणाची छाती होईना. शेवटी मशिदीमागून जाणारी एक बाई थबकली आणि किंचाळली, "जमीन रडतेय!"

जिन्न असेल म्हणून बाप्ये मागे सरले. दावलभाई मात्र धावले, जमिनीला कान लावला आणि बोटांनी फटीतली माती उकरू लागले. आतून हुंदके ऐकू आले आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "सबर कर, पोरी, सबर कर!"

हुंदका थांबला. आवाज बसला होता, पण शांत होता. "सबरच करतेय, अब्बा. तुम्ही दगड काढा."

म्हाताऱ्याचे हात थबकले. मग त्यांनी कोणाला हात लावू न देता एकट्यानं दगड ओढला, असं सांगतात. सून वर आली तेव्हा ते तिच्यासमोर मातीतच बसले, आणि इसाकचं नाव घेऊन लहान मुलासारखे रडले. कोणी त्यांना गप्प केलं नाही. तो दगड पुन्हा पेवावर चढला नाही.

किब्ल्याचं म्हणाल, तर दोघींचाही चुकला होता. उजेडात बघितलं तर खरी दिशा दोन्ही भिंतींच्या मधोमध निघाली. त्यावरून सासूसुना आयुष्यभर एकमेकींना चिडवायच्या. मनापासून शोधली होती, तेव्हा दोघींची नमाज पोचली, असं मशिदीतल्या मुल्लाजींनी सांगितलं.

आजही सावळीत कोणाकडे मय्यत झाली, तर भेटायला आलेले लोक 'सबर' हा शब्द काढत नाहीत. पाणी भरतात, चूल पेटवतात, गेलेल्याचं नाव घेऊन बोलतात. परगावच्या पाहुण्यानं नकळत तो शब्द काढलाच, तर एखादी बाई हळूच त्याच्या हातात पाण्याचा पेला देते. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला वाटलं तर तो पेवात उतरतो, भिंतीला हात लावतो, बसतो. वरून कोणी हाक मारत नाही. तो आपल्या वेळेनं वर येतो, आणि तो शब्द पहिल्यांदा उच्चारायचा हक्क त्याचाच असतो. काही जण उच्चारतात. काही जण काहीच न बोलता घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतात.