टीव्ही आणि कुकरची शिट्टी

फार जुनी नाही, घरातली यंत्रं एकमेकांशी बोलू लागली तेव्हाची गोष्ट. प्रमिलाकाकूंचा नवा टीव्ही दिव्यापंख्यांशी जोडला गेला. त्या सगळ्यांना सांभाळणारी छोटी डबी त्याला म्हणाली, “कुकरची शिट्टी झाली की आवाज कमी कर हं. काकू शिट्ट्या मोजतात.”

टीव्ही फणकारला, “ना वायर, ना वायफाय! त्या भांड्यासाठी मी गप्प बसू?” आणि त्याने मालिकेचा आवाज आणखी चढवला.

काकूंना एकही शिट्टी ऐकू आली नाही. डाळ करपली. काकूंनी रागाने टीव्हीचं बटणच बंद केलं. दिवसभर बिचारा समोरच्या भिंतीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मालिकेत खुनी कोण ते कळणार, तेवढ्यात शिट्टी झाली. टीव्ही चटकन गप्प झाला आणि हळूच म्हणाला, “कुकरदादा, ही कितवी?”