सतरावं कलम

"देशाला लिहिलेली घटना असावी, मान्य आहे बाबा. पण एका बंधाऱ्याला कशाला?"

मोटारसायकल उभी करता करताच लोटनने विचारलं. रामराम राहूनच गेला.

पुंजूबाबा बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून तंबाखू मळत होते. चाळीस वर्षं ते इथले पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. आता गुडघे गेले. वरच्या आणि खालच्या वस्तीतून आळीपाळीने भाकरी येते, त्यावर भागतं.

लोटन त्यांचाच चेला. पाटाचं काम शिकत होता तेव्हा बाबा त्याला रोज पाटाच्या कडेने टोकापर्यंत चालवत न्यायचे. आता तो पाणी वाटणाऱ्या पंचांचा मुख्य झाला होता आणि सडकेने फिरायचा. हुशार माणूस. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"झालं काय?" बाबांनी विचारलं.

"खालची वस्ती अडून बसलीय. म्हणते, पाणीवाटपाचे नियम लिहून काढा, नाहीतर आम्ही बैठकीला येत नाही. बंधारा यंदा अर्धाच भरलाय. गहू ओंबीवर आलाय. उद्याच्या बैठकीत ठरलं नाही तर ते पाणी सोडायची मोरी फोडतील. गेल्या साली दोघांची डोकी फुटली..."

"मग लिहा."

"आजोबा-पणजोबांपासून तोंडी चाललंय. कुणाचं अडलं?"

बाबा तंबाखू मळत राहिले.

"आणि लिहायला बसलं की दबलेलं सगळं वर येतं, बाबा. तोंडी असलं की माणूस थोडं सोडून देतो. कागद पुढे आला की एकेका शब्दासाठी हटून बसतो."

यात खोटं काही नव्हतं. असं होताना बाबांनीही पाहिलं होतं.

"वाद झाला की मग काय करता?"

"हात वर करतो. पंच अकरा. आमचे वरच्या वस्तीचे सात, त्यांचे चार."

"दर वेळी?"

"लोकशाही आहे, बाबा."

बाबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

"परवा सुपडाबाई येऊन गेली."

सुपडाबाई म्हणजे खालच्या वस्तीची पंच. लोटनचा चेहरा आंबट झाला.

"ती म्हणाली, मोठ्या दुष्काळात मी तिच्या बापाला शब्द दिला होता. पाणी कमी पडलं तर आधी खालच्याला. मी म्हटलं, हो."

"असं कसं, बाबा? त्याच दुष्काळात तुम्ही मला सांगितलंत, आधी वरच्याला. इथेच, या भिंतीवर बसून. मला शब्द न् शब्द आठवतो."

"तिलाही शब्द न् शब्द पाठ होता."

"मग खरं काय?"

"आठवत नाही."

लोटन त्यांच्या शेजारी भिंतीवर बसला. वाद घालायला आलेला माणूस, पण आता त्याला भीती वाटली. दोन वस्त्यांचा सगळा कायदा या एका डोक्यात ठेवला होता, आणि तो तिथून कधी निघून गेला ते कुणालाच कळलं नव्हतं.

"वही आणलीयेस?" बाबांनी विचारलं.

लोटनने पिशवीतून खालच्या वस्तीने पाठवलेली वही काढली.

"वाच. मला कुठे वाचता येतं."

लोटन वाचू लागला. पाळी कशी फिरवायची, गाळ कुणी काढायचा, पाणी चोरलं तर काय करायचं. एकेका कलमाला बाबा मान हलवत होते. सोळा कलमं झाली आणि लोटन थांबला.

"पुढे?"

"सतरावं खोडलंय. मीच."

"काय होतं?"

"पाणी कमी पडलं तर आधी खालच्याला."

"त्या जागी तुला काय लिहायचंय?"

"आधी वरच्याला. ते मी लिहिलं की सुपडाबाई खोडेल. म्हणून तर म्हणतो, लिहायलाच नको. आमचं जमत नाही."

"तेच लिही."

"काय?"

"जमत नाही, हेच. सतराव्या कलमात."

लोटनला हसू आलं. पण बाबा हसत नव्हते. त्याने खिशातून पेन काढलं आणि खोडलेल्या ओळीखाली लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं : पाणी कमी पडलं तर आधी कुणाला, यावर दोन्ही वस्त्यांचं अजून जमलेलं नाही.

बाबा भिंतीवरून वाकले. मोरीपाशी ओला गाळ साचला होता, त्यात अंगठा बुडवला आणि त्या ओळीखाली दाबून उठवला.

"तुम्ही पंच नाही, बाबा."

"दोघंही माझंच नाव सांगून भांडता..."

लोटन त्या मातकट ठशाकडे बघत राहिला. ज्याच्या एका शब्दावर बंधारा चालायचा, त्या माणसाने आपल्याला ठाऊक नाही हे अंगठ्यानिशी कबूल केलं होतं. वही हातात येऊन आठवडा झाला, आपण इतकंही केलं नव्हतं.

"यावर आता अकराही जणांच्या सह्या लागतील," तो हळू म्हणाला.

"पहिली कुणाची घेशील?"

लोटनने ओल्या ठशावर फुंकर घातली.

"सुपडाबाईची."

"तिचं शेत कुठे?"

"पाटाच्या टोकाला. चार मैल."

त्याने वही पिशवीत घातली, बाबांच्या पाया पडला, आणि मोटारसायकलीकडे गेला. किल्ली लावली. मग परत वळला.

"बाबा, सह्या झाल्या तरी पाणी तेवढंच राहणार. मोरी उघडायचीच आहे. आधी कुणाला सोडू?"

बाबांनी हात पुढे केला. लोटनला काही कळलं नाही. मग त्याने किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

"गाडी राहू दे इथेच. पाटाच्या कडेने, दोन्हीकडची शेतं बघत जा."