करंजाखाली न आलेला बैल

एका डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल संपून गायरान लागते, तिथे एक तांबडी गाय चरत असे. नुसती चरत नसे बरं का मुलांनो, सगळा कळप तीच चालवत असे. आज कुठल्या अंगाचे गवत खायचे, ओढ्यावर कधी उतरायचे, हे तिने ठरवायचे. दौलू नावाचा गुराखी काठी घेऊन मागे असे खरा, पण ती मान वळवील तिकडे तोही मुकाट्याने वळे.

या कळपाची एक रीत होती. दुपारी सगळ्यांनी करंजाच्या सावलीत जमायचे आणि कोणाला काटा रुतला असेल, अंग मोडून आले असेल, त्याला आळीपाळीने चाटायचे. पहिला मान तांबडीचा. "चाटून बरे झाले नाही असे दुखणे मी पाहिलेले नाही," असे ती छातीठोकपणे सांगे. आणि तोवर तिने खरेच पाहिले नव्हते. त्या वर्षी तिच्या पायाशी दीड महिन्याचे गोऱ्हे बागडत होते. आधीची दोन वासरे मेलेलीच जन्मली होती, त्यामुळे या तिसऱ्यात तिचा जीव अडकला होता.

एके दिवशी दौलूच्या मागोमाग एक नवा बैल आला. आदल्या दिवशीच बाजारातून आणलेला, रंगाने पांढरा, शिंगे अशी की बघत राहावे. तांबडी मोठ्या ऐटीत पुढे झाली. नव्याला चाटून कळपात घ्यायचे, हीही रीतच होती. पण ती दहा पावलांवर येताच बैलाने शिंगे खाली केली आणि तो जोरात फुरफुरला. "तिथेच थांब," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून गायरानाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

तांबडीला हे फार लागले. तिच्या उभ्या आयुष्यात तिला कोणी असे परतवले नव्हते. करंजाच्या फांदीवर एक कावळा बसलेला असे. आगीत तेल ओतायला तो नेहमी तयारच. "आक्का, मोठ्या घरचा दिसतोय," तो म्हणाला. "तुमची जीभ त्याला चालायची नाही."

"शिंगे मोठी आणि मन चिमुकले," तांबडी म्हणाली. "राहू दे त्याला एकटे. कोणी बोलायचे नाही त्याच्याशी."

दोन दिवस कोणी बोलले नाही. तांबडीचे लक्ष मात्र त्याच्याकडेच जाई. कळप वरच्या डोहावर पाणी पिई, तर हा पार खाली, जिथून पाणी पुढे वाहून जाते तिथे एकटाच तोंड लावी. वारा फिरला की हाही जागा बदली आणि कळपावरून वारा येईल अशा बाजूला उभा राही. 'आमचा वाससुद्धा घेत राहायचा आणि जवळ मात्र यायचे नाही,' असा तिने त्याचा अर्थ लावला. रागात माणूस काय, गाय काय, अर्थ असाच लावते.

तिसऱ्या दिवशी गोऱ्हे उड्या मारत थेट बैलाकडे निघाले. बैलाने खुराने माती उधळली आणि तो असा डरकला की पोर घाबरून पळाले, धडपडले, गुडघा खरचटून रडत आईकडे आले. झाले. तांबडीच्या डोळ्यांत रक्त उतरले. शेपूट वर करून ती धावत सुटली.

पण बैल लढेना. ती एक पाऊल पुढे आली की तो एक पाऊल मागे जाई, आणि तेही लंगडत. मागे सरता सरता तो घळीच्या काठाला टेकला.

"ताई, आता मागे जागा नाही," तो म्हणाला. "तुला तुझ्या लेकराची शपथ, तिथेच थांब. माझे तोंड बघ."

तांबडी थांबली, आणि तिने प्रथमच नीट पाहिले. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, जिभेवर फोड होते, आणि खुरांच्या बेचक्यात जखमा लाल झाल्या होत्या.

"लाळ्या-खुरकूत," बैल म्हणाला. "मी खोंड असताना हा रोग आमच्या गोठ्यात आला होता. डोळ्यांना न दिसणारा विषाणू असतो, लाळेतून जातो. पहिली गाय आजारी पडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला मायेने चाटले. मोठी जनावरे कशीबशी उठली. वासरे मात्र सहा होती, त्यांतले एकही राहिले नाही."

तांबडीने वळून आपले गोऱ्हे दूर आहे ना ते पाहिले. "मग पहिल्याच दिवशी सांगायचे ना रे," ती म्हणाली.

"बाजारातून निघाल्यापासून अंग तापले होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सांगणारही होतो," बैल म्हणाला. "पण वाटेत दौलू कोणाला तरी तुमची रीत कौतुकाने सांगत होता. आजारी म्हटले की तुम्ही सगळे चाटायला धावणार. शिष्ट म्हटले की लांब राहणार. मला तुम्ही लांब हवे होतात."

तांबडी करंजाखाली परतली आणि तिने कळपाला खरे ते सांगितले. 'आजारी' हा शब्द ऐकताच सगळी जनावरे धडाधड उठली. "चला, बिचारा तीन दिवस एकटा आहे," म्हणत निघालीसुद्धा. तेव्हा तांबडी वाटेत आडवी उभी राहिली आणि तिने आपल्याच कळपावर शिंगे रोखली. "पहिला मान माझा," ती म्हणाली. "मी जात नाही, तर कोणीच जायचे नाही."

मग ती दौलूपुढे जाऊन बैलाकडे तोंड करून हंबरत राहिली. दौलू त्या टोकाला गेला, त्याने बैलाची लाळ पाहिली आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी निरोगी जनावरांना लस टोचली. बैलाला वेगळे बांधायला सांगितले, त्याचे तोंड तुरटीच्या पाण्याने धुवायला सांगितले आणि त्याच्याकडून परतताना दौलूला हातपायही धुवायला लावले. तांबडी रोज लांबूनच बैलाला साद घाली. तोही लांबूनच उत्तर देई. गोऱ्ह्याला कधी ताप आला नाही.

महिना उलटला. डॉक्टरांनी बैलाचे तोंड उघडून पाहिले, खूर पाहिले आणि मान डोलावली. त्या दुपारी बैल करंजापासून दहा पावलांवर येऊन थांबला. पुढे यायचा त्याला धीर होईना. कावळ्याने चोच उघडली होती, पण तांबडीने वर पाहिले आणि त्याने ती मिटली. तांबडी उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कपाळावरून जीभ फिरवू लागली.

"पुरे ताई," बऱ्याच वेळाने बैल म्हणाला.

"गप्प उभा राहा," तांबडी म्हणाली. "महिन्याभराचे राहिले आहे."

तात्पर्य : आजार फैलावणारा असेल तेव्हा जवळ धावून जाण्यापेक्षा लांब राहण्यातच खरी माया असते.