भूपाळीतला श्वास

“नवस मी ह्याच्या आवाजासाठी केला होता, बुवा. आणि आता हाच तोंड मिटून बसलाय. मग तो नवस फळला म्हणायचा, की नाही?”

शालनताईंनी शेजारी बसलेल्या मुलाकडे बघत विचारलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

अवधूतबुवा मठाच्या पारावर, औदुंबराखाली कानटोपी घालून बसले होते. नैवेद्य होऊन गेला होता. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन पेंगत होतं. खाली कृष्णामाई इतकी संथ, की ती वाहतेय की आपणच हळूहळू सरकतोय ते कळू नये.

“कसला नवस?”

“हा जन्मला तेव्हा रडलाच नाही हो. निळा पडला होता. नर्सबाईंनी चापट्या मारल्या तरी गप्प. मी पडल्या पडल्या म्हटलं, दत्ता, ह्याला आवाज दे, जन्मभर पहाटे तुला भूपाळी म्हणून उठवीन. शब्द तोंडातून बाहेर पडले मात्र, असा टाहो फोडला पोरानं...”

एवढ्या वर्षांनीही त्यांच्या डोळ्यांत तो टाहो लख्ख उमटला.

“तेव्हापासून एक पहाट चुकवली नाही. तापात अंथरुणावरून म्हटली, पण म्हटली.”

बुवांनी शेजारच्या मुलाकडे पाहिलं. गळ्यात भलेमोठे हेडफोन, मुठीत मोबाइल, नजर नदीच्याही पलीकडे.

“नाव काय रे?”

“डीपी.”

“आमच्या गावचा डीपी परवाच जळाला. वायरमन अजून फिरकला नाही.”

शालनताईंना हसू आवरेना. “दत्तप्रसाद नाव आहे, बुवा. मित्र म्हणतात तसं. पुण्याला संगीत निर्मितीचा कोर्स केलाय त्यानं. गाणी रेकॉर्ड करायची, आवाज जुळवायचे, नीट करायचे, असं सगळं.”

“मग आता काय अडलंय?”

घरी महिनाभर त्याच्या तोंडून ‘हूं’ आणि ‘नको’ यापलीकडे काही निघालं नव्हतं. इथे मात्र बांध फुटल्यासारखा तो बोलू लागला.

“विलायतेतल्या कॉलेजात पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळालीय. मुंबईत एका स्टुडिओत सिनेमाच्या आवाजाचं काम आहे. आमचे सर म्हणतात, ध्वनिशास्त्र कर, नाट्यगृहं बांधताना अशी माणसं लागतात. मित्र म्हणतात, मोबाइलवरच्या खेळांना आवाज देऊ, घरबसल्या होतं. मैफलींचा साउंड सांभाळता येतो. शिकवता येतं. जुन्या टेपांमधली गाणी वाचवायचं काम असतं...”

“बरंच आहे की.”

“तेच तर! एक धरलं की बाकीची हातची जातात. कॉलेजला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. स्टुडिओलाही आजच सांगायचंय. कुणाला ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून कुणालाच ‘हो’ म्हटलेलं नाही.”

“लोक दोन डगरींवर पाय ठेवतात,” बुवा म्हणाले. “तू काय गोम आहेस?”

मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“चेष्टा नका करू, बुवा. तुम्ही सांगाल ते धरतो. कुठलं धरू?”

शालनताईंनी श्वास रोखून बुवांच्या ओठांकडे पाहिलं. आत पादुकांवर डोकं टेकवताना त्यांनी हळूच मागून घेतलं होतं, बुवांच्या तोंडून ‘इथंच राहा’ एवढं वदव, दत्ता. आपल्या सांगलीतही मंडप उभे राहतात, वराती निघतात, गणपतीची आरास असते. आवाज काय, इथेही लागतोच की!

बुवांनी वर फांद्यांकडे पाहिलं. औदुंबराचं एक पिकलं फळ पारावर टपकन पडलं. मुंग्या वाट सोडून त्याच्याकडे वळल्या.

“तुझं काहीतरी ऐकव,” ते म्हणाले.

मुलाचा चेहरा खुलला. “कॉलेजात पहिलं आलेलं ऐकवतो. पण ती कानटोपी काढावी लागेल.”

“थंडी आहे रे.”

“आवाज दबेल, बुवा.”

“अरे वा, देवाला भेटतानासुद्धा मी ही काढत नाही,” असं पुटपुटत बुवांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन कानांवर चढवून घेतले.

बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त बुवांची मान हळूहळू डोलू लागली. शालनताईंना ठाऊक होतं, त्या दोन काळ्या वाट्यांच्या आत आता आपलं देवघर आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी पोरानं भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. फ्रिज बंद केला होता. “आई, बांगड्या काढ, वाजतात,” म्हणाला होता. सवाष्णीनं बांगड्या कशा काढायच्या? मग त्यानंच दोन्ही मनगटांना हातरुमाल बांधले होते, पट्टी बांधावी तसे. आणि देव्हाऱ्यापुढे बसून त्या भूपाळी गायल्या होत्या.

पुढे त्यानं ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्या चकितच झाल्या होत्या. इतकं गोड आपण कधी गातो? त्यांना वाटलं होतं, ही कोण बाई आहे, एकदा भेटायला हवं हिला.

बुवांनी हेडफोन काढून पुढे केले. डोळे मिटलेलेच.

“सुरेल आहे... फार सुरेल.”

हेडफोन गळ्यात अडकवून मुलगा ताठ बसला.

“कधी गेल्या ह्या?”

“कोण?”

“ह्या गाणाऱ्या बाई.”

शालनताईंचा हात आपसूक मंगळसूत्राकडे गेला. पारावरचे पारवेसुद्धा घुमायचे थांबले, असं त्यांना वाटलं.

“अहो बुवा, आई आहे ती माझी! ही काय, तुमच्यापुढे बसलीय!”

बुवांनी डोळे उघडले. शालनताईंना नीट निरखून पाहिलं. त्यांच्या नाकातल्या मोरणीपासून पायातल्या जोडव्यांपर्यंत.

“असं होय... मग ह्यात त्या श्वास कुठे घेतात?”

“तो काढलाय.”

“काढलाय?”

“रेकॉर्डिंग साफ करावं लागतं, बुवा. दोन ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येतो. तो एकेक शोधून कापला मी. बरेच जण करतात तसं. कचरा असतो तो.”

“तांदूळ निवडावेत तसा?”

“तसंच समजा.”

“आणि निवडलेलं कुठे टाकलंस?”

“टाकणार कुठे? पुसलं.”

बुवा नदीकडे बघत राहिले. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं. धोपटण्याचा आवाज पाण्यावरून येईपर्यंत हात पुन्हा वर गेलेला दिसायचा.

“बाई, भूपाळी म्हणा.”

“आत्ता?” शालनताई गोंधळल्या. “देव आत्ता कुठे विसावलाय, बुवा. भरदुपारी का उठवायचं त्याला?”

“त्याचं तो बघेल. म्हणा.”

त्यांनी पदर सावरला. हात जोडले. डोळे मिटले. छातीत श्वास भरून घेतला...

बुवांनी हात वर केला.

“तिथंच थांबा.”

त्या थांबल्या. भरल्या छातीनं, जोडल्या हातांनी.

“दत्तप्रसाद, काय ऐकलंस?”

“काही नाही. सुरुवातच केली नाही तिनं. नुसता श्वास घेतला.”

“त्यात काय होतं?”

“श्वासात काय असणार?”

बुवांनी नुसतं बाईंकडे बोट केलं. मुलगा आईकडे बघत राहिला. पहिल्यांदा कंटाळून, मग जरा पुढे झुकून, मग... ज्या कानांनी त्यानं ते श्वास शोधून काढले होते, त्याच कानांनी.

“रोजच्यापेक्षा खालच्या पट्टीत लावणार होती ती,” तो हळू आवाजात म्हणाला.

“आणखी?”

“दमलीय. एसटीत उभ्यानं आलो आम्ही.”

“आणखी?”

शालनताईंच्या मिटल्या पापण्या थरथरल्या.

“घाबरलीय,” तो म्हणाला. “श्वास मध्येच अडखळला तिचा... मी जाईन म्हणून घाबरलीय.”

एवढ्या दिवसांत शालनताईंनी हे अवाक्षरानं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही. पोराच्या ताटात भात वाढताना वाटीतलं तूप सांडलं, तर डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून वेळ मारून नेली होती. आणि पोरानं ते एका श्वासातून उचललं.

त्यांच्या कानांत घण घण वाजू लागलं. मिटल्या डोळ्यांपुढे निळसर काहीतरी तरंगत होतं, धुक्यातल्या दिव्यासारखं. छाती फुटेल असं वाटत होतं. तरी गुरूंची आज्ञा म्हणून त्यांनी धरून ठेवलं. पोराला धरलं होतं तसंच, घट्ट.

“बाई,” बुवा अगदी मऊ आवाजात म्हणाले, “धरून कुठवर ठेवाल? सोडा आता.”

त्यांनी सोडला.

केवढा मोठा होता तो! सूर नाही, शब्द नाही. नुसतीच हवा, पोटातून उठून आलेली. तिच्याबरोबर दोन अश्रू आले, आणि का कोण जाणे, थोडं हसूही. पादुकांपाशी मागितलेलं मागणं त्यांनी मनातल्या मनात चाचपून पाहिलं. ते तिथं नव्हतं. त्या जागी नदीवरचा गार वारा खेळत होता, आणि पुढचा श्वास आपला आपण आत येत होता.

“जा बाळा,” त्या म्हणाल्या. “जिकडं तुझं मन लागेल तिकडं जा. विलायतेत जा, मुंबईला जा. माझी भूपाळी काय, इथं बसून पोचेल तुला.”

दत्तप्रसादनं गळ्यातले हेडफोन काढून पारावर ठेवले. आईच्या गुडघ्याला हात लावला, पण तिच्याकडे बघायचं त्याला जमेना. तेवढ्यात मुठीतला मोबाइल थरथरला. त्यानं पडदा उजळला. विलायतेची चिठ्ठी, स्टुडिओचा निरोप, सरांचा, मित्रांचा... अंगठा एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकत राहिला.

ऊन एक पायरी खाली उतरलं होतं.

“बुवा,” तो मोबाइल पुढे करत म्हणाला, “आईनंही मोकळं केलं. आता तरी सांगा ना... ह्यातलं मी कुठलं धरू?”

अवधूतबुवांनी मांडीवरची कानटोपी उचलली, झटकली, नीट कानांवर ओढून घेतली.

“सगळंच मुठीत धरून बसलायस. आईनं केलं ना आत्ता... तसंच कर, बाळ. सोड.”